उघडीप

आमच्या घरात पावसाची वही असायची. अण्णांची. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, दरवर्षी नवी. मृग लागायच्या आदल्या दिवशी ते पट्टीने रेघा मारायचे आणि मग दिवाळीपर्यंत रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या नरसाळ्याखालची बाटली उचलून पाणी मोजायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या आकड्यांची वाटही कुणी पाहत नव्हतं. अलिबागजवळच्या नागावातली आमची नारळी-सुपारीची वाडी पावसाळ्यात कुणाकडे हिशेब मागायला येत नसे. वहीत रकाने दोनच, तारीख आणि मिलिमीटर. पण भर पावसाळ्यात एखादा दिवस कोरडा गेला तर अण्णा तिथे शून्य लिहीत नसत. लिहायचे, ‘उघडीप’.

शून्य का नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

“शून्य म्हणजे पाऊस नव्हता. उघडीप म्हणजे होता आणि थांबला. मार्चात शून्य असतं गं, आषाढात उघडीप.”

पुढे मी बँकेत लागले, बत्तीस वर्षं शून्यंच मोजली आणि हा फरक विसरूनही गेले. तो पुन्हा आठवला २०२४ च्या अक्षय तृतीयेला, म्हणजे १० मेच्या रात्री. त्याला कारण फिनलंड.

भाचा सुट्टीला आला होता. आमरस ओरपून झाल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला तो एकदम ओरडला, “मावशी, सौरवादळ! पाच ढग एकामागोमाग सुटलेत सूर्यावरून!” रात्री साडेदहाच्या सुमारास वादळाचा पहिला धक्का पृथ्वीवर आदळला होता. पहाटेपर्यंत लडाखच्या हानले गावावरचं आकाश ध्रुवीय प्रकाशाने लाल झालं. ते फोटो नंतर सगळ्यांनीच पाहिले. आम्ही गच्चीवर जाऊन उत्तरेकडे टक लावून उभे राहिलो. आम्हाला दिसला मुंबईचा पिवळट उजेड, आणि डास चावले ते वेगळेच.

खाली आल्यावर त्याने लॅपटॉपवर एक आलेख उघडला. फिनलंडच्या औलू शहरातलं न्यूट्रॉन मॉनिटर १९६४ पासून अवकाशातून येणारे कण मोजतंय. मोजणी कुणालाही घरबसल्या बघता येते. दिवसेंदिवस जवळजवळ सपाट जाणारी रेघ त्या रात्री कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली होती. साधारण दहा टक्क्यांच्या आसपास.

“मशीन बिघडलं का रे?”

“नाही. वादळ आलं की असंच होतं. कण कमी येतात.”

वादळ आलं आणि पाऊस कमी झाला! कोकणात जन्म काढलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय. त्या रात्री झोप आली नाही आणि नंतरचे काही महिने मी मिळेल ते वाचत सुटले.

आधी हा पाऊस कसला ते सांगते. शाळेत आपण ‘वैश्विक किरण’ किंवा ‘विश्वकिरण’ म्हणून दोन ओळी पाठ केलेल्या असतात. पण ते किरण नव्हेतच. ते कण आहेत, बहुतेक प्रोटॉन, आकाशगंगेत कुठेतरी ताऱ्यांच्या स्फोटांतून भिरकावले गेलेले आणि प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणारे. आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रात भरकटत, वळणं घेत, कोटीभर वर्षं भटकून त्यातला एखादा आपल्या हवेवर आपटतो. जमिनीपासून पंधराएक किलोमीटर उंचीवर त्याचे तुकडे होतात, त्या तुकड्यांचे तुकडे होतात, आणि त्यातले म्युऑन नावाचे कण खालपर्यंत पोचतात. तळहात आडवा धरला तर त्यातून सेकंदाला एखादा म्युऑन आरपार जातो. छपरातून, छत्रीतून, हाडामांसातून. ही बारमाही झड आहे. तिला हस्त नाही, मृग नाही, पागोळ्या नाहीत, आवाज नाही, म्हणून ती चालू आहे हे कळायलाच १९१२ साल उजाडलं. ७ ऑगस्टला ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमध्ये बसून सुमारे ५,३०० मीटरवर गेला आणि वर जावं तसं हे प्रारण वाढतं, म्हणजे ते जमिनीतून नव्हे तर वरून येतं, असं मोजून खाली आला. त्याबद्दल त्याला १९३६ मध्ये नोबेल मिळालं.

माझा जीव मात्र जडला स्कॉट फोर्बुशवर. हा गडी अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या विभागातला. तरुणपणी तो ‘कार्नेगी’ याच नावाच्या जहाजावर निरीक्षक होता. जहाज लाकडी, लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेलं, कारण त्याचं कामच मुळी समुद्रांवर फिरून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं. स्वतःच्याच खिळ्यांनी सुई हलायला लागली तर मोजणार काय? १९२९ च्या नोव्हेंबरात सामोआ बेटांवरच्या आपिया बंदरात पेट्रोल भरताना त्या जहाजाचा स्फोट झाला. कप्तान गेला, जहाज जळलं, फोर्बुश वाचला.

हे वाचताना मला हटकून अलिबाग आठवलं. समुद्राकाठची आमची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये इथे आली ती मुंबईच्या ट्रामला घाबरून. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी चालू होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, तारांतल्या विजेने सुया नाचतील म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात हे काम खाडीपार अलिबागला हलवलं. इमारती बांधताना इथेही लोखंड टाळलं. लहानपणी त्या कुंपणावरून जाताना आम्हाला वाटायचं, आत भलंमोठं चुंबक असणार, जवळ गेलं तर परकरातली सेफ्टी पिन ओढून घेईल. आत खरं तर चुंबकापेक्षा शांतता जपलेली होती. म्हणजे आपिया बंदरात जळलेलं जहाज आणि आमच्या शाळेच्या वाटेवरचं ते कुंपण एकाच कुळातलं निघालं.

तर, फोर्बुश. जहाजाविना उरलेला हा माणूस पुढे विश्वकिरण मोजायला लागला. मेरीलँडमधल्या चेल्टनहॅमला एक यंत्र आणि पेरूमध्ये अँडीज पर्वतात तीन हजार मीटरहून उंच असलेल्या वांकायोला दुसरं. एप्रिल १९३७ मध्ये मोठं चुंबकीय वादळ झालं. सुया थरथरल्या, आणि त्याच वेळी दोन्हीकडच्या यंत्रांतली विश्वकिरणांची मोजणी खाली गेली. हजारो किलोमीटर अंतर, एक विषुववृत्ताजवळ, एक बरंच उत्तरेला, आणि घसरण एकदमच. तेच वादळ खुद्द हेसनेही ऑस्ट्रियातल्या हाफेलेकार शिखरावरून टिपलं. या घसरणीला आज जगभर फोर्बुशचं नाव आहे, ‘फोर्बुश डिक्रीज’. मराठीत ‘फोर्बुश घट’ म्हणतात. मला तो शब्द ताळेबंदातला वाटतो. घट म्हणजे कुणीतरी काहीतरी खाल्लं. मी आपली उघडीप म्हणते.

पण ही उघडीप आणतं कोण? सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं, त्याचाच हा परिणाम. वाटणं साहजिक होतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्यातली एक आपल्या अंगणातली, मग दोष अंगणालाच. १९६० च्या मार्चमध्ये पायोनियर ५ हे यान उडालं. त्याच महिन्याअखेर मोठं वादळ आलं तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे ५० लाख किलोमीटर लांब होतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा तिथे काहीच अंमल नाही. तरी यानावरच्या यंत्रालाही कण कमीच दिसले. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन सिम्प्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बसवलेलं ते यंत्र. म्हणजे पाऊस अंगणात अडत नव्हता, वाटेतच अडत होता.

वाटेत सूर्य काय करतो ते आता बऱ्यापैकी कळलंय. सूर्याच्या पृष्ठभागावर चुंबकीय दोरखंड पिळले जातात, पीळ असह्य झाला की तुटतात आणि अब्जभर टन प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तापलेला वायू, सेकंदाला शेकडो, कधी दोन-तीन हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. शास्त्रज्ञ याला सीएमई म्हणतात. हा वायू एकटा निघत नाही. सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही पदरात बांधून नेतो. एक ते तीन दिवसांत पृथ्वीशी पोचेपर्यंत तो फुगून काही कोटी किलोमीटर रुंद झालेला असतो.

यातली एक गोष्ट मला आधी पटेचना. या ढगातलं चुंबकीय क्षेत्र असतं वीस-तीस नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं बारीक माप), फार तर पन्नास-सत्तर. अलिबागच्या जमिनीवर पृथ्वीचं क्षेत्र जवळपास चाळीस हजार. हजार पटींनी कमजोर असलेली ही जाळी प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या प्रोटॉनला अडवणार कशी? मग भाच्याने पाटीवरचं गणित करावं तसं करून दाखवलं. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात सरळ जाऊच शकत नाही, वळतो. विश्वकिरणांतला एक मध्यम दणकट प्रोटॉन घेतला, तर नेहमीच्या, पाच नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात त्याच्या वळणाची त्रिज्या येते ६७ लाख किलोमीटर. ढगातल्या वीस नॅनोटेस्लामध्ये तीच होते सुमारे १७ लाख. ढगाची रुंदी काही कोटी. म्हणजे आत शिरलेला कण पलीकडे पोचायच्या आतच गरागरा फिरून परत वळणार. जाळी नाजूक खरी, पण तिचा पसारा एवढा आहे की नाजूकपणा झाकून जातो. कोटी वर्षं वाटचाल करून आलेल्या कणाला, शेवटच्या टप्प्यात, दोन दिवसांपूर्वी जन्मलेला ढग ‘मागे फिर’ म्हणतो. मला यात थोडी मजाही वाटते आणि थोडं वाईटही.

मोठ्या वादळात घसरण बहुधा दोन पायऱ्यांनी होते. ढगाच्या पुढे त्याने रेटत आणलेला, खवळलेल्या क्षेत्राचा पट्टा असतो, त्यात कण इकडेतिकडे विखुरले जातात. ही पहिली पायरी. मग खुद्द ढग, आतून नीट वळलेल्या दोरखंडासारखा. त्याची दोन्ही टोकं अनेकदा अजून सूर्यातच रोवलेली. तो सूर्याजवळून निघाला तेव्हा त्याच्या पोटात विश्वकिरण जवळपास नव्हतेच, आणि वाटेत बाहेरचे कण आत झिरपायला वेळ लागतो. माठ पाझरतो तसं, फक्त उलटं, बाहेरून आत. तो भरायच्या आत आपल्यापर्यंत येतो, म्हणून त्याच्या पोटात आपल्याला कोरडं लागतं.

आणि परतीचा पाऊस? आमच्याकडे पाऊस थांबतो रेंगाळत, रिपरिप करत, आणि येतो तो दणकन. इथे सगळं उलटं. थांबतो काही तासांत आणि पूर्ववत व्हायला आठवडा घेतो, कधी जास्तच. ढग आपल्याला ओलांडून पुढे गेला तरी आपण त्याच्या मागच्या आडोशात असतो. ती सावली हळूहळू पातळ होत जाते.

मे २०२४ च्या त्या आलेखात आणखी एक खोच होती. उघडिपीच्या तळाशी ११ मेला सकाळी रेघ जराशी वर उचकलेली. ते आकाशगंगेतले कण नव्हते. सूर्याने स्वतःच भिरकावलेले, थेट जमिनीपर्यंत परिणाम पोचवणारे कण होते ते. एका हाताने छत्री धरायची आणि दुसऱ्या हाताने स्वतःच पाणी उडवायचं, असला वात्रटपणा. सूर्यावर नजर ठेवणारं आपलं आदित्य-एल१ यान तेव्हा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पहारा देत होतं. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने बनवलेली सूट ही दुर्बीण त्याच्यावर आहे, पण त्या रात्री सौरवाऱ्याचा झोत नोंदवला तो अस्पेक्सने. ते अहमदाबादच्या पीआरएलचं, म्हणजे भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं उपकरण. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये ही संस्था सुरू केली तेव्हा तिथला एक मुख्य विषय होता विश्वकिरणांतले चढउतार. वर्तुळ पूर्ण झालं वगैरे मी म्हणणार नाही, पण बरं वाटलं.

या उघडिपीची चाहूल आधी लागते का, हा भाच्याचा प्रश्न. कधीकधी लागते. येणाऱ्या ढगामागच्या कोरड्या भागातून चुंबकीय रेषेच्या कडेने आपल्याकडे धावणाऱ्या कणांची संख्या आधीच रोडावलेली असते. कण ढगापेक्षा कितीतरी वेगवान, त्यामुळे ढग पोचायच्या काही तास आधी आकाशाच्या ठरावीक दिशेकडून पाऊस विरळ झालेला दिसू शकतो. जपानमधलं नागोया, टास्मानियातलं होबार्ट, ब्राझील आणि कुवेत इथे म्युऑन मोजणाऱ्या दुर्बिणींची साखळी आहे, ती अशाच खुणा शोधते. ढग येण्याआधी वारा पडतो, तसं काहीसं.

इथवर सगळं माझ्या लाडक्या शब्दात बसत होतं. मग उटी आडवं आलं.

उटीला टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची विश्वकिरण प्रयोगशाळा आहे, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर. तिथल्या ग्रेप्स-३ प्रयोगात ५६० चौरस मीटर पसरलेली म्युऑन दुर्बीण आहे. दुर्बीण म्हणजे भिंग नव्हे. सहा-सहा मीटर लांबीच्या ३,७१२ लोखंडी चौकोनी नळ्या, काँक्रीटच्या जाड थराखाली एकावर एक रचलेल्या. दिवसाला जवळपास चारशे कोटी म्युऑन मोजले जातात. अण्णांना ही संख्या ऐकून मूर्च्छा आली असती किंवा नोकरीच मागितली असती. ग्रिनिचच्या वेळेने २२ जून २०१५ ला, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, एक मोठा सौरढग पृथ्वीवर आदळला. उटीच्या नोंदीत म्युऑन कमी व्हायला हवे होते. दोन तास ते चक्क वाढले. सगळ्या दिशांनी.

आपला देश चुंबकीय विषुववृत्ताजवळ. इथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा जमिनीला समांतर धावतात आणि वरून येणाऱ्या कणाला आडव्या येतात. ध्रुवांजवळ मवाळ कणही आत येतात, इथे मात्र बऱ्यापैकी दांडगा असेल तोच. ही आपली कायमची छत्री. उटीच्या शास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष असा की आदळलेल्या ढगाचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचं होतं. दोन्ही एकमेकांत गुंतली, तुटली, नव्याने जोडली गेली आणि तेवढा वेळ आपली छत्री पातळ झाली. एरवी उंबरठ्यावरून परत जाणारे कण आत आले. एकच ढग येताना स्वतःची छत्री घेऊन येतो आणि आपल्या छत्रीची काडीही मोडतो. जमिनीवर कोणती बाजू दिसेल हे तुम्ही कुठे उभे आहात आणि कोणत्या तासाला, यावर. म्हणजे उघडीप हा शब्द पुरता पुरत नाही. पण श्रावणात ऊनपावसाचा खेळ चालतोच की. त्याला तरी कुठला एक शब्द पुरतो.

पावसाची उपमा मी इतकी ताणली, पण काही ठिकाणी ती उपमा राहतच नाही. विश्वकिरण हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणूंना फोडतात तेव्हा त्यातून बेरिलियमचे किरणोत्सारी प्रकार तयार होतात आणि पावसाबरोबर खाली येतात. १९५० च्या दशकात टीआयएफआरमधल्या देवेंद्र लाल आणि सहकाऱ्यांनी हे बेरिलियम पावसाच्या पाण्यात शोधून काढलं. अण्णांच्या बाटलीतही ते असणारच, काही अणू का होईना. एक प्रकार ५३ दिवसांत निम्मा होतो, दुसरा जवळपास चौदा लाख वर्षांनी. कार्बन-१४ ही तसाच, तो झाडांच्या वलयांत जाऊन बसतो. त्यामुळे झाडंसुद्धा एक वही ठेवून असतात. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळपास दिसलेच नाहीत. सूर्य निवांत, त्याची छत्री मिटलेली, आणि विश्वकिरणांची झड जोरात. त्या काळातल्या वलयांत कार्बन-१४ जास्त सापडतो. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तो या काळाच्या ऐन मध्यावर. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, उगाच जोडू नये. पण त्या वर्षी सह्याद्रीत उभ्या असलेल्या झाडांनी जास्तीचा पाऊस टिपला असेल, एवढं मी मनात ठेवते.

आणि हो, विश्वकिरण कमी झाले की आपल्या हवेतले खरेखुरे ढग कमी होतात, हवामान बदलतं, असंही एक मत आहे. फोर्बुश घटीनंतरच्या दिवसांतले ढग मोजून काहींनी परिणाम दिसला म्हटलं, इतरांना तो सापडला नाही. माझ्या शब्दासाठी ते खरं निघालं असतं तर किती छान, वरची उघडीप आणि खालची उघडीप एकच! पण छान आहे म्हणून मान्य करायचं झालं तर बँकेत माझे किती ताळेबंद जुळले असते.

मला रुखरुख लागली ती वेगळ्याच गोष्टीची. २ सप्टेंबर १८५९. आदल्या दिवशी खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टनने इंग्लंडमध्ये सूर्यावरचा झगझगाट पाहिला आणि साडेसतरा तासांत ढग पृथ्वीवर आला. युरोप-अमेरिकेतल्या अनेक वेधशाळांत सुया मापाबाहेर गेल्या. कुलाब्यात मात्र माणसं डोळ्यांनी सुई वाचून हाताने आकडे लिहीत होती. क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळलं, ते त्यांनी लिहिलं. शतकाहून अधिक काळाने, २००३ मध्ये, ती पानं काढून शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद ठरवली. सप्टेंबरचा दुसरा दिवस, मुंबईत ओल असणार, कागद सादळलेला असणार, शाई पसरत असणार. त्यांच्या डोक्यावर, आणि सगळ्या जगाच्या, त्या दिवशी केवढी उघडीप पडली असेल! वीस टक्के, तीस टक्के, जास्त? ती कुणीच लिहिली नाही, कारण पाऊस पडतोय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हेस जन्मायलाच अजून चोवीस वर्षं होती.

अण्णांच्या वह्या माळ्यावर आहेत. दोन वाळवीने खाल्ल्या, एक आम्ही भावंडांनीच होड्या करायला फाडली. ते गेल्यानंतरची मी लिहिते, त्यांच्याइतकी नेमाने नाही. २०२४ ची वही मी एप्रिलमध्येच आणून ठेवली होती. मृगाला चार आठवडे होते, रेघा मारलेल्या नव्हत्या, पहिल्या पानावर मे महिन्याला जागाच नव्हती. भाचा म्हणाला, “मावशी, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिही ना.” लिहिलं: १० मे, रात्री साडेदहापासून उघडीप. मिलिमीटरच्या रकान्याच्या जागी त्याने त्याच्या अक्षरात भर घातली, ‘औलू, फिनलंड’. मग जरा विचार करून खाली, ‘आणि बहुतेक आपल्याकडेही’.